‘व्हायोलिनही’ या शब्दातला ‘ही’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पं. गजाननराव जोशी यांच्यावर आलेला लेख वाचला. बुवांच्या गायकीबद्दल लेखकाने मनापासून लिहिलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण मधेच एक वाक्य आहे : ‘बुवा व्हायोलिनही उत्तम वाजवीत.’ पानभर लेखात व्हायोलिनचा उल्लेख एवढाच. त्या ‘ही’पाशी मी अडले. आठ दिवस झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. लांबलं तर खुशाल कापा. शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, आता निवृत्त आहे. अकराव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं, ते अजून खाली ठेवलेलं नाही. मैफिलीची कलावंत मी नाही. डोंबिवली पूर्वेला राहत्या घरी क्लास घेते, सध्या नऊ मुलं येतात. मी ज्यांच्याकडे शिकले ते माझे सर माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. सकाळी सातची पाळी, संध्याकाळी आंघोळ करून, हाताचं ग्रीस रॉकेलने आणि मग साबणाने काढून ते व्हायोलिनला हात लावत. त्यांच्या आई त्याला ‘फिडल’ म्हणत. ‘आलास का, तुझं फिडल घे आणि बस,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की फिडल हा शब्द आजही मला माणसाच्या आवाजातच ऐकू येतो.

सर बुवांचे शिष्य नव्हते. बुवांचा गंडा बांधायचा, म्हणजे रीतसर शिष्य व्हायचं, तर नोकरी आणि घर दोन्ही सोडून जायला हवं होतं, आणि घरात सात माणसं खाणारी. मग त्यांनी जमेल तेवढं कानाने घेतलं. रेडिओवर बुवांचं व्हायोलिन लागणार असलं की त्या रात्री क्लासला सुट्टी नसे, उलट आम्हा चारही मुलांना थांबवून घेत. दिवा मालवत, रेडिओ हळू लावत आणि सांगत, ‘वाजवतायत असं समजू नका. गातायत असं समजा, आणि शब्द कुठे येतोय ते शोधा.’ अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कसला शब्द सापडणार? पण पुढे तीन-चार वर्षांनी एका रात्री मला तो सापडला. गज, म्हणजे तारेवरून फिरवायची काठी (बो), जिथे वळला तिथे बंदिशीचं अक्षर होतं. तोवर मी व्हायोलिन ऐकत होते, त्या रात्री पहिल्यांदा चीज ऐकली.

बुवांच्या घराबद्दल लेखात आलंच आहे, तरी माझा मुद्दा मांडण्यापुरतं पुन्हा सांगते. गजाननरावांचा जन्म 1911 साली मुंबईत झाला. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, औंध संस्थानचे दरबार गवई, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी ज्यांनी महाराष्ट्रात रुजवली, विष्णु दिगंबर पलुसकर ज्यांच्यापाशी मिरजेला शिकले, त्या बाळकृष्णबुवांची ही शाखा. म्हणजे ख्याल घरातच होता. त्यावर गजाननरावांनी रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम घेतली. जयपूर-अत्रौलीची गायकी त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडून घेतली, आणि आग्र्याच्या विलायत हुसेनखाँसाहेबांपुढेही ते बसले. एकेका घराण्यात माणसाचा जन्म जातो, आणि त्या काळी घराण्यांची कुंपणं आजच्यापेक्षा पुष्कळ उंच होती.

एवढं गाणं ज्याच्या गळ्यात, त्याने व्हायोलिनवर आयुष्याची इतकी वर्षं का घालावी? लेखकाला वाटलं तसं ते वरकड कौशल्य असतं तर चार-दोन जलशांत वाजवून थांबले असते. बुवांनी गवयांना साथ केली, स्वतंत्र वादन केलं, आकाशवाणीच्या नोकरीत वर्षानुवर्षं वाजवलं, शिष्य तयार केले. श्रीधर पार्सेकरांसारखा वादक त्यांच्या तालमीतून निघाला. 1972 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा बुवांच्या मागे गळ्याची आणि हाताची अशी दोन्ही आयुष्यं उभी होती. त्यांतलं एक आपण ‘ही’ला टांगून ठेवलं आहे.

माझं म्हणणं याहून पुढचं आहे. बुवांचं गाणं आणि त्यांचं शिकवणं, दोन्ही त्या व्हायोलिनमधून गेलेलं आहे असं मला वाटतं. हे मी शिष्यांच्या वर्तुळातली म्हणून सांगत नाही, ती मी कधीच नव्हते. साठ वर्षं या वाद्यापाशी बसलेली बाई म्हणून सांगते.

ज्यांनी हे वाद्य हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला पडदा आहे, पेटीला पट्टी आहे, तिथे बोट ठेवलं की गंधार येतो. इथे गुळगुळीत काळ्या पट्टीवर गंधार कुठेही नसतो. तो तुम्हाला आधी कानात ऐकू यावा लागतो आणि मग बोट तिथे जातं. केसभर चुकलं तर बेसूर. आम्ही खाली मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे घेऊन बसतो. वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर आणि बूड डाव्या खांद्याशी छातीला टेकलेलं, म्हणजे डावा हात मोकळा राहून तारेवरून वरखाली घसरू शकतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, घ्यायची ती या घसरण्यातून. बोटाच्या पेराला खोबरेल तेलाचा अगदी पुसटसा हात लावतात. जास्त झालं तर तार बुळबुळीत होते आणि सूर निसटतो, कमी झालं तर बोट अडतं आणि मींडेला गाठ पडते.

पण खरी गोष्ट उजव्या हाताची. गज म्हणजे आमचा श्वास. गवई जिथे दम घेतो तिथेच गज उलटायचा, आणि तो उलटलेला ऐकणाऱ्याला कळता कामा नये. विलंबित एकतालात एक ओळ भरायची तर गज किती पुरवायचा याचा हिशेब समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीपासून डोक्यात लागतो. सर आम्हाला नवी बंदिश कधीच थेट वाद्यावर देत नसत. आधी म्हणायची, पाठ करायची, शब्दांसकट. मग गज हातात न घेता नुसत्या डाव्या हाताने तारेवर बोटं फिरवायची, आवाज न करता, मनात म्हणत. तिसऱ्या दिवशी गज. ‘तोंडात नाही ते हातात कुठून येणार?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मी यमन म्हणू शकत होते, पण मला लाज वाटे, आवाज घोगरा होता. सर म्हणाले, ‘घोगरा चालेल, खोटा चालणार नाही.’ आजही माझ्या क्लासात मुलं पहिले वीस मिनिटं गातात. एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं की फी व्हायोलिनची भरतोय, मग गाणं कशाला. त्यांना मी बुवांचं एक ध्वनिमुद्रण ऐकवलं, दुसरं काही बोलले नाही. मुलगा अजून येतोय.

आता विचार करा, चार-चार गुरूंचं गाणं गळ्यात असलेला माणूस हे वाद्य घेऊन दुसऱ्या गवयाशेजारी बसतो. साथ करणाऱ्याला स्वतःचं गाणं बाजूला ठेवावं लागतं. गवयाने टाकलेली जागा अर्ध्या पावलाने मागून उचलायची, त्याचा सूर थांबला की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तेवढी धरून ठेवायची, तो दम घेईल तेवढ्याच फटीत शिरायचं आणि तो परत आला की निमूट मागे सरकायचं. पुढे जायचं नाही. त्याला माहीत नसलेली जागा दाखवायची नाही, आपल्याला ठाऊक असली तरी. हे करायला अतोनात ऐकावं लागतं, त्याचा गळा आपल्या गळ्यासारखा ओळखावा लागतो. ज्याने अशी साथ केली आहे, तो पुढे गुरू होऊन बसला की शिष्याच्या गळ्यात काय अडलंय हे त्याला शिष्याच्या आधी ऐकू येत असणार. बुवांची तालीम अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध होती. त्या कडकपणामागे मला नेहमी तो साथीदाराचा कान दिसतो.

त्यांचे शिष्य पाहा. उल्हास कशाळकरांच्या गाण्यात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही वाटा आपापल्या शिस्तीत चालतात, एकीत दुसरी सांडत नाही. अरुण कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर, शुभदा पराडकर, प्रत्येकाचं गाणं निराळं. गुरूची नक्कल एकाही गळ्यात नाही. चिरंजीव मधुकर जोशी गायले आणि व्हायोलिनही वाजवलं (हा ‘ही’ मात्र दोन्ही बाजूंनी सारखा आहे), आणि नाती अपूर्वा गोखले व पल्लवी जोशी आज जोडीने गातात. आपल्या पुरवणीत ही नावं होती. पार्सेकरांचं नाव नव्हतं. गोव्यातल्या पेडण्याकडचा हा माणूस, सर त्याचं नाव काढलं की कानाच्या पाळीला हात लावायचे.

एक गोष्ट आज फार कुणी सांगत नाही. 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. पेटीचे सूर ठरलेले, त्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, असा आक्षेप होता. ती बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. पेटीवाल्यांचं त्यात नुकसान झालं आणि ते अन्यायाचंच होतं, माझ्या मोठ्या मामांनी त्या दुःखात पेटी विकून टाकली होती. पण त्या तीस वर्षांत रेडिओवर गाणाऱ्याच्या मागे सारंगी आणि व्हायोलिन आलं, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत लोकांच्या कानांना व्हायोलिनची साथ सवयीची झाली. आमच्या चाळीत पंधरा बिऱ्हाडांत तीन व्हायोलिनं होती. आज आमच्या सोसायटीत साठ फ्लॅट आहेत आणि व्हायोलिन माझं एकटीचं.

दक्षिणेत हे वाद्य आलं ते बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिथे ते गवयाच्या शेजारी जे बसलं ते कायमचं. तिकडच्या कचेरीत, म्हणजे मैफिलीत, व्हायोलिन नसेल तर लोक विचारतील की आज काय झालं. आपल्याकडे ते तसं रुजलं नाही. रुजवायचा प्रयत्न ज्यांनी केला ती आपलीच माणसं. वि. गो. जोग मूळचे आपल्याकडचे, पण त्यांना लखनौने आणि मग कलकत्त्याने आपलं म्हटलं. बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी देशभर गाजली, 1983 साली पद्मभूषण मिळालं, 2004 साली ते कलकत्त्यातच गेले. दामोदर केशव दातार कुरुंदवाडचे, म्हणजे विष्णु दिगंबरांच्याच गावचे. त्यांनी विघ्नेश्वर शास्त्रींकडे तालीम घेतली, द. वि. पलुसकरांना साथ केली, आणि इतकं शांत, इतकं गळ्यासारखं वाजवलं की मी दातारांना ऐकून आले की दोन दिवस स्वतःचं व्हायोलिन उघडत नसे. 2018च्या ऑक्टोबरात ते गेले. त्यांचे शिष्य मिलिंद रायकर यांनी गायिका किशोरीताई आमोणकरांना साथ केली, तालीमही घेतली. आणि ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या एन. राजम यांनी गायकी अंग कुठवर नेता येतं ते दाखवून दिलं. त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं, आणि तो गज आज त्यांच्या लेकीच्या आणि नातींच्या हातात आहे.

याच मुंबईत, याच काळात, गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशनवर शिकलेली मंडळी सिनेमाच्या वाद्यवृंदात उभी राहून तेच वाद्य हनुवटीखाली धरून वाजवत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले, संगीतकार प्यारेलालजींचे गुरू. सरांना त्यांच्याबद्दल फार आदर. त्यांच्या गजाची सफाई बघा, म्हणून ते आम्हाला सिनेमाची गाणीसुद्धा ऐकायला लावत. असो, हा विषय वेगळ्या पत्राचा आहे.

आता ज्या प्रसंगामुळे तो ‘ही’ मला इतका लागला, तो सांगते. 1980च्या गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळाने बाहेरगावचे गवई आणले. साथीला पेटी मिळेना, म्हणून सरांना बोलावलं. सरांनी चार दिवस रजा टाकली. गवयांची पट्टी माहीत नव्हती, म्हणून तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत तारा चढवून-उतरवून रात्री बसले. मी त्यांच्याबरोबर तंबोऱ्याला गेले होते. पाऊस होता, मांडवाच्या पत्र्यावर असा आवाज की स्टेजवरचं स्टेजवर ऐकू येईना. त्यातच तार ताणून धरणारी खुंटी घसरायला लागली. सरांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, चालू गाण्यात, गवई तान घेत असताना, एका हाताने खुंटी किंचित बाहेर ओढली, खडू फिरवला, आत दाबली आणि सम यायच्या आत तार सुरात आणली. गवयांनी वळून पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर बिहागात त्यांनी दोन वेळा थांबून सरांना जागा दिली. मी तंबोऱ्यावरचं बोट चुकवलं, इतकी मी सरांकडे बघत होते.

कार्यक्रम संपला. आभार मानताना मंडपवाल्याचं, माइकवाल्याचं, चहा देणाऱ्याचं, तबलजीचं, सगळ्यांची नावं झाली. सरांचं राहिलं. पत्रिकेतही नव्हतं, कारण ती आधी छापलेली. चार दिवसांनी एका वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात ‘सुयोग्य साथसंगत लाभली’ एवढंच. मला रडू येत होतं. सर घरी येऊन गजाचे केस सैल करत होते, मलमलीच्या फडक्याने घोडीजवळची राळेची पांढरी भुकटी पुसत होते. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मलाच विचारलं, ‘तुला मागे बिहागातला तो निषाद ऐकू आला का? पावसात गेला की काय?’ ऐकू आला होता, मी सांगितलं. त्यांनी व्हायोलिनच्या खोक्याचं झाकण लावलं. सर 1991 साली वारले. त्यांचं नाव छापलेला एकही कागद त्यांच्या घरी नाही. मी आणि त्यांच्या सूनबाईंनी सगळी ट्रंक शोधली.

बुवांच्या बाबतीत तुमचा लेख वाचताना मला ते फडकं आठवलं. बुवांचं नाव पुसलं जाणार नाही, ते मोठे आहेत. पण त्यांच्यातला जो भाग साथीला बसत होता तो पुसला जातोय, आणि तो पुसला गेला की आमच्या सरांसारख्यांना उभं राहायला जागाच उरत नाही.

एक माझी स्वतःची चूक लिहून टाकते. बुवा अखेरच्या काळात डोंबिवलीतच होते. मीही लग्न होऊन इथेच आले. एकाच गावात राहून मी त्यांच्या दारापर्यंत गेले नाही. रात्रपाळी होती, मूल लहान होतं, आणि खरं कारण म्हणजे भीती होती. बुवांपुढे आपण गज टेकवायचा आणि पहिल्या सुरालाच त्यांनी थांबवलं तर? एक्स्चेंजमध्ये रात्री दोननंतर कॉल कमी व्हायचे. आमचा डायल टोन हार्मोनियमच्या पांढरी पाच या सुराच्या किंचित वर लागे. मी तो हेडफोनमध्ये तंबोऱ्यासारखा धरून मनात आलाप करत बसे आणि ठरवे की या रविवारी जायचंच. 28 जून 1987ला बुवा गेले. तो रविवारच होता. ज्यांच्या मनात कुणा वडीलधाऱ्या कलावंताकडे जायचं आहे त्यांनी कृपया पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये, एवढंच यावरून सांगते.

औंधला मात्र मी जाते. अंतुबुवांचे गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तिथे 1940 सालापासून उत्सव होतो. साताऱ्याहून एस.टी.ने खटाव तालुक्यात उतरलं की यमाईचा डोंगर दिसतो. आश्विनातली हवा असते, सकाळी गार आणि दुपारी चटका. गावातली माणसं, शेतावरून आलेली, मांडी ठोकून ख्याल ऐकतात. मी दरवर्षी एक गोष्ट करते. वहीत प्रत्येक कलाकाराखाली तबला कुणाचा, पेटी कुणाची, तंबोऱ्यावर कोण, हे विचारून लिहून घेते. तंबोऱ्याला बसलेली मुलं नाव विचारलं की इतकी बावरतात, कारण त्यांना ते कुणी विचारत नाही. त्यांतली एक मुलगी दहा वर्षांनी पुढे बसून गायली. माझ्या वहीत ती आधीपासून आहे.

आता विनंती.

आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या चौकटीत आणि मैफिलींच्या बातम्यांत साथीदारांची नावं वाद्यासकट छापावीत. ‘सुयोग्य साथसंगत’ हा शब्द कृपा करून काढून टाका. जागा नसेल तर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातल्या दोन ओळी कमी करा, तीन नावं आरामात बसतात. बुवांबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा ‘गायक व व्हायोलिनवादक’ असं लिहा, आणि लेखाचा निम्मा भाग नाही तरी एक परिच्छेद त्या व्हायोलिनला द्या. ज्यांनी त्यांचं वादन समोर बसून ऐकलं अशी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. आपला वार्ताहर त्यांच्याकडे पाठवावा. इंटरनेटवर बुवांचं नाव घातलं की मला आधी गाणंच सापडतं. वादन लोकांच्या कपाटांत असणार, स्पूलवर, कॅसेटवर, बुरशी धरत.

कारण ते माझ्याही कपाटात आहे. सरांनी रेडिओवरून उतरवलेली एक साठ मिनिटांची कॅसेट त्यांच्या सूनबाईंनी मला दिली. लेबलवर सरांच्या अक्षरात ‘ग. बुवा, व्हायोलिन, रात्रीचे’ एवढंच आहे, तारीख शाई फुटून गेली आहे. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याने ती फीत दुसऱ्या कवचात घालून, साफ करून, कॉम्प्युटरवर उतरवली. पहिले काही सेकंद नुसती खरखर, मग आलाप मधूनच सुरू होतो. सरांनी बटण उशिरा दाबलं असणार, बहुधा हात धुवत होते. त्यामुळे निवेदिकेने सुरुवातीला सांगितलेलं सगळं गेलं आहे, आणि शेवटी फीत संपते तेव्हा द्रुत चालूच आहे. तबला फार सुरेख आहे. मध्यलयीत एका ठिकाणी बुवा गज उचलतात आणि तबल्याला चार आवर्तनं मोकळी देतात, त्या चारांत तो माणूस ठेका जरासुद्धा न मोडता जे बोलतो ते मी आत्तापर्यंत तीसएक वेळा ऐकलं असेल.

तो तबला कुणाचा हे मला हवं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ऐकणारे, तिथे नोकरी केलेले किंवा त्या वादकांच्या घरचे कुणी वाचक असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. माझं नाव आणि पत्ता मी पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. मी कॅसेटची प्रत घेऊन कुठेही यायला तयार आहे, कर्जत-कसाऱ्यापर्यंतसुद्धा. लेबलवर सरांच्या ओळीखाली मी पेन्सिलीने ‘तबला :’ लिहून जागा सोडली आहे.

आपली,
एक व्हायोलिनशिक्षिका
डोंबिवली (पूर्व)